छापील पानावरून चित्रकाराची कारकीर्द कशी अभ्यासावी : फ्रेडरिक रेमिंग्टन

फ्रेडरिक रेमिंग्टन (१८६१–१९०९) या अमेरिकन चित्रकाराचे नाव निघाले की धुळीतून भरधाव येणारे घोडे आणि त्यांवरचे गुराखी डोळ्यांसमोर उभे राहतात, आणि अभ्यासाला बसलेला विद्यार्थी थेट त्याच्या मोठ्या तैलचित्रांकडे वळतो. माझे आग्रहाचे सांगणे असे, की सुरुवात साप्ताहिकांच्या आणि मासिकांच्या छापील पानांपासून करावी. उमेदीची बहुतेक वर्षे हा माणूस छापखान्यासाठी चित्रे काढत होता, आणि त्याची रेषा, त्याचे रंग व त्याची मिळकत या तिन्हींवर छपाईच्या तंत्राचा ठसा आहे.

त्यासाठी आधी डोळा तयार करावा लागतो. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग घ्यावे, अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुनी पुस्तके विकणाऱ्यांकडून साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा एखादा दिवाळी अंक मिळवावा आणि त्यातले छायाचित्र भिंगाखाली धरावे. राखाडी रंग म्हणून जो दिसतो, तो वास्तविक लहानमोठ्या काळ्या ठिपक्यांचा असतो. हाच हाफटोन ब्लॉक. लाकडी ठशात असे ठिपके नसतात, तेथे सावलीसुद्धा कोरलेल्या रेषांनीच भरलेली असते. पुण्यात चित्रशाळा हा छापखाना सुरू झाला तो १८७८ साली, म्हणजे रेमिंग्टन येल विद्यापीठाच्या कलाशाळेत दाखल झाला त्याच वर्षी. चित्रशाळेची शिळाछापाची देवादिकांची चित्रे पाहिली असतील, तर फरक लवकर कळेल. शिळाछापात दगडावर तेलकट खडूने काढलेली रेषा जशीच्या तशी कागदावर उतरते. लाकडी ठशात मात्र चित्रकार आणि कागद यांच्यामध्ये कोरणाऱ्याचा हात येतो.

हा मधला हात ओळखणे हे या अभ्यासातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे. रेमिंग्टनचे पहिले छापील चित्र ‘हार्पर्स वीकली’ या अमेरिकन साप्ताहिकाच्या २५ फेब्रुवारी १८८२ च्या अंकात आले. ते त्याच्या वायोमिंगमधल्या कच्च्या रेखाटनावरून विल्यम ए. रॉजर्स या दुसऱ्या चित्रकाराने नव्याने काढलेले होते. मी स्वतः कित्येक महिने त्या चित्रातली रेषा रेमिंग्टनची समजून टिपणे काढत होतो, आणि ती सगळी मला बाद करावी लागली. ही चूक टाळण्यासाठी प्रत्येक चित्राचे दोन्ही खालचे कोपरे भिंगाने तपासावेत. चित्रकाराच्या सहीसमोर कोरणाऱ्याची सही पुष्कळदा सापडते. लाकडाचे लहान तुकडे जोडून मोठा ठोकळा बनवत असत, आणि कोरताना ते सुटे करून वाटून देत, त्यामुळे कधीकधी चित्राच्या मधून सांध्याची बारीक पांढरी रेघही दिसते. या अंकांच्या प्रती ग्रंथालयांच्या डिजिटल संग्रहांत मोफत पाहता येतात, फक्त लहान आकाराची प्रतिमा उतरवून घेऊ नये, कारण तिच्यात हे काहीच दिसत नाही.

यानंतर फुलस्केप कागदावर तक्ता आखावा. वर्ष, चित्रकाराचा मुक्काम, नियतकालिक, छपाईचा प्रकार आणि विषय एवढे रकाने पुरतात; त्यांत आणखी एक घालावा, ‘पाहिलेले, ऐकलेले की कल्पिलेले’. कॅन्ससमधला मेंढपाळीचा फसलेला प्रयत्न, १८८५ मध्ये ब्रुकलिनला येणे आणि ९ जानेवारी १८८६ चे त्याच्या स्वतःच्या नावाचे ‘हार्पर्स वीकली’चे मुखपृष्ठ या नोंदी पटकन होतील. ‘सेंचुरी’ मासिकात १८८८ साली थिओडोर रूझवेल्ट यांच्या पशुपालक जीवनावरील लेखांना त्याने काढलेल्या चित्रांची नोंदही वेगळी करावी, कारण त्या चित्रांनी रेमिंग्टनचे नाव घरोघरी पोहोचले.

तो शेवटचा रकाना भरताना मात्र घाई करू नये. रेमिंग्टन पश्चिमेकडे वारंवार जाई, पण चित्रे काढी न्यूयॉर्कजवळच्या आपल्या कार्यशाळेत, जमवलेली खोगिरे, कपडे, हत्यारे आणि छायाचित्रे समोर ठेवून. डिसेंबर १८९० मध्ये वूंडेड नी येथे अमेरिकन सैन्याने तिथल्या मूळ रहिवासी लाकोटा लोकांची कत्तल केली, त्या वेळी तो त्या मुलखात होता, घटनास्थळी नव्हता. तरीही सैनिकांच्या तोंडून ऐकून त्याने ती ‘लढाई’ म्हणून रंगवली आणि ‘हार्पर्स वीकली’ने ती छापली. मूळ रहिवाशांविषयीचा त्याचा वंशद्वेष त्याच्या लिखाणातही दिसतो. त्याच्या कौशल्याचा मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच अशा चित्रांपुढे ‘ऐकलेले, एका बाजूचे’ असे स्पष्ट लिहावे, असे मी म्हणतो.

घोड्यांसाठी वेगळा दिवस काढावा. जुने चित्रकार धावत्या घोड्याचे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले दाखवत. माय्‌ब्रिज या छायाचित्रकाराने लागोपाठ घेतलेल्या छायाचित्रांनी दाखवून दिले, की घोडा चारही पायांनी हवेत असतो तेव्हा पाय पोटाखाली दुमडलेले असतात. ‘अ डॅश फॉर द टिंबर’ हे १८८९ चे सुमारे सात फूट रुंदीचे तैलचित्र समोर घेऊन आठही स्वारांच्या घोड्यांचे खूर एकेक करून ट्रेसिंग पेपरवर उतरवावेत. किती खूर जमिनीला टेकले आहेत, हे मोजले की त्या चित्रातला वेग कशातून आला, ते हाताला कळते.

हाफटोनचा जम बसल्यावर चित्रे कोरण्याची गरज उरली नाही, आणि रेमिंग्टनची कुंचल्याने रंगवलेली काळी-पांढरी चित्रे थेट छायाचित्रणाने ब्लॉकवर जाऊ लागली. १९०३ साली ‘कॉलियर्स’ या साप्ताहिकाने त्याच्याशी करार केला, आणि विषय त्याचा, छपाई रंगीत, अशी मोकळीक त्याला मिळाली. १८९५ च्या ‘ब्राँको बस्टर’पासून सुरू झालेली कांस्यशिल्पे या तक्त्यात एका ओळीत नोंदवून पुढे जावे, तो स्वतंत्र विषय आहे. अखेरच्या दशकातली रात्रीची चित्रे मात्र सावकाश पाहावीत. ‘फायर्ड ऑन’मध्ये हिरवट चांदण्यात पाण्याच्या काठाशी एक पांढरा घोडा दचकून मागे रेललेला आहे, शत्रू चित्रात नाही, फक्त गोळ्यांनी पाण्यावर उडालेले शिंतोडे आहेत.

आपल्याला निव्वळ मासिकांचा चित्रकार मानले जाऊ नये या तळमळीने १९०७-०८ च्या सुमारास त्याने आपली अनेक जुनी चित्रे स्वतः जाळली. त्यांत ‘कॉलियर्स’मध्ये छापून आलेल्या, संशोधक-प्रवाशांवरच्या मालिकेतली बहुतेक चित्रे होती. तक्त्यात अशा चित्रांपुढे तांबड्या शाईने खूण करावी. त्यांचे मूळ रंग आता कोठेच पाहायला मिळणार नाहीत. ‘कॉलियर्स’ची पाने तेवढी उरली आहेत, आणि ती ठिपक्या-ठिपक्याने वाचायला पुन्हा तेच भिंग घ्यावे लागते.