टीव्ही भिंतीवर लावण्याआधीची तयारी

टीव्ही भिंतीवर बसवताना भिंतीचा विचार टीव्हीच्या आधी करावा लागतो, म्हणून या यादीची सुरुवात भिंतीपासूनच केली आहे. गिलावा आणि रंग चढला की सगळ्या भिंती सारख्याच दिसतात. आत काय आहे ते शोधायला, पुढे टीव्हीमागे झाकल्या जाणाऱ्या जागी ड्रिलच्या बारीक बिटाने एक चाचणीचे छिद्र पाडावे आणि बाहेर येणारी भुकटी पाहावी. लाल भुकटी म्हणजे वीट. पांढरट, हलकी भुकटी आली आणि बिट जोर न लावताच आत शिरले, तर तो एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा ठोकळा, ज्याला गवंडी सिपोरेक्स म्हणतात. राखाडी, कठीण पूड आली आणि बिट जेमतेम सरकले तर काँक्रीट समजावे. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या नव्या इमारतींत बहुतेक भिंती अशाच असतात.

ही माहिती कशाला हवी, तर स्क्रू पकडून ठेवायला छिद्रात बसवायचा प्लग त्यावर ठरतो. विटेच्या भिंतीत 8 किंवा 10 मिलिमीटरचा चांगला नायलॉनचा प्लग पुरतो. मात्र आतला गिलावा साधारण 12 ते 15 मिलिमीटर जाड असतो आणि तो वजन पेलत नाही, त्यामुळे प्लग गिलावा ओलांडून पूर्ण विटेत गेला पाहिजे आणि छिद्र दोन विटांच्या सांध्यावर येता कामा नये. सिपोरेक्सची घनता विटेच्या सुमारे एक तृतीयांश असते. तिथे ड्रिलची हॅमर (ठोके देण्याची) क्रिया बंद ठेवावी, नाहीतर छिद्र हवे त्यापेक्षा मोठे होते, आणि त्या ब्लॉकसाठीच बनवलेला लांब प्लग आधीच आणून ठेवावा. बसवायला येणारा कारागीर पुष्कळदा एकाच मापाचे प्लग सगळीकडे वापरतो. त्याला थांबवून भिंत कोणती हे सांगणे हे घरमालकाचे काम आहे, असे माझे ठाम मत आहे. काँक्रीटला साधे घरगुती ड्रिल पुरत नाही, आणि आत सळई लागली तर जोर न करता छिद्र बाजूला सरकवावे. कोकणात आणि गोव्यात चिऱ्याची, म्हणजे जांभा दगडाची, भिंत असेल, तर जांभ्यात पोकळ्या असतात हे धरून जास्त लांबीचे प्लग घ्यावेत. जिप्समच्या पार्टिशनवर मात्र, आतल्या चौकटीला किंवा मागे बसवलेल्या प्लायवूडला पकड मिळाल्याशिवाय, टीव्ही टांगूच नये.

पावसाळ्यात ओल येणारी बाहेरची भिंत शक्यतो टाळावी. रंगाला पोपडे आले असतील तर तिथला गिलावाही सुटत आलेला असतो.

यानंतर भिंतीतल्या वायरी आणि नळ. स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत वायरींचा पाइप गेलेला असण्याची शक्यता धरूनच जागा ठरवावी. भिंतीपलीकडे न्हाणीघर असेल तर तिकडच्या नळांची उंचीही मोजावी. घर बांधताना किंवा रंगवताना काढलेले वायरिंगचे फोटो असतील तर ते शोधून ठेवावेत. छिद्रे पाडताना त्या खोलीचा एमसीबी (मुख्य बोर्डावरचा वीज तोडणारा स्विच) बंद करून ड्रिलसाठी दुसऱ्या खोलीतून एक्स्टेंशन आणावे. टीव्हीचा सॉकेट अर्थिंगसह, पडद्यामागे पण टीव्ही ज्यावर टांगायचा त्या ब्रॅकेटच्या पट्टीपासून बाजूला हवा. सेट टॉप बॉक्स आणि एचडीएमआयच्या वायरींसाठी केसिंग पट्टीची जागाही आत्ताच आखावी.

उंचीबाबत आपल्याकडे एक चूक सर्रास होते: टीव्ही फोटोच्या चौकटीसारखा वर लावला जातो आणि मग मान दुखते. सोफ्यावर बसलेल्या प्रौढाची नजर जमिनीपासून साधारण 105 ते 110 सेंटिमीटरवर असते. पडद्याचा मध्य तिथेच यावा. 55 इंची पडदा सुमारे 122 सेंटिमीटर रुंद आणि 69 सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे त्याची खालची कड जमिनीपासून जेमतेम 70 ते 75 सेंटिमीटरवर येईल. घरातली माणसे गादीवर किंवा सतरंजीवर बसून पाहत असतील तर मध्य आणखी खाली घ्यावा. वर्तमानपत्राचा कागद पडद्याच्या मापाने कापून भिंतीला चिकटवावा आणि आजी-आजोबांसह सगळ्यांनी एक संध्याकाळ आपापल्या जागी बसून तो पाहावा.

ब्रॅकेट घेताना टीव्हीमागच्या चार छिद्रांमधले अंतर मोजावे. ते 200 बाय 200 किंवा 400 बाय 400 मिलिमीटर अशा ठरावीक मापांत असते आणि माहितीपुस्तिकेत ‘व्हेसा’ या नावाने दिलेले असते. स्क्रूची जाडी आणि लांबीही तिथूनच घ्यावी, कारण जास्त लांब स्क्रू आतल्या पॅनेलला इजा करतो. पुढे ओढता येणारा हात असलेला ब्रॅकेट सोयीचा असला, तरी हात बाहेर काढल्यावर वरच्या स्क्रूंवरची ओढ कितीतरी वाढते. साडेचार इंची (अर्ध्या विटेच्या) किंवा सिपोरेक्सच्या भिंतीवर मी तो सुचवणार नाही.

कामाच्या दिवशी पाणसळ, मेझर टेप, पेन्सिल, योग्य मापाचे बिट, बिटावर खोलीची खूण करायला चिकटपट्टी, छिद्रातली भुकटी काढायला ब्रश आणि डोळ्यांना चष्मा हाताशी असावा. भुकटी राहिली तर प्लग पूर्ण बसत नाही. सोसायटीने ड्रिलिंगसाठी ठरवून दिलेली वेळ पाळावी आणि भिंत सामाईक असेल तर शेजाऱ्यांना आदल्या दिवशीच कळवावे. टीव्ही उचलायला दोन माणसे लागतात आणि त्याला पडद्यावर दाब न देता कडांनीच धरायचे असते. त्याआधी रिकाम्या ब्रॅकेटला दोन्ही हातांनी खाली आणि पुढे जोराने ओढून पाहावे. तो किंचितही हलला, तर टीव्ही खोक्यातच राहू द्यावा आणि प्लग बदलावेत.