सेलमधला कागद काय करतो, हे घरी कसे तपासावे

टॉर्चमधल्या साध्या जस्त-कार्बन सेलमध्ये जस्ताचे भांडे हेच ऋणाग्र असते, मँगनीज डायऑक्साइड आणि कार्बनची भुकटी यांचा काळा लगदा हे धनाग्र असते, आणि मधली कांडी केवळ त्या लगद्याला वरच्या टोपीशी जोडते. जस्त आणि लगदा यांच्यामध्ये खळीचा थर दिलेला, नवसागर किंवा झिंक क्लोराइडच्या द्रावणाने ओला केलेला पातळ कागद असतो. कार्ल गासनर याने १८८६ मध्ये पेटंट घेतलेल्या कोरड्या सेलमध्ये हे काम प्लास्टर ऑफ पॅरिस करीत असे.

हा कागद पाहण्यासाठी सेल फोडू नये. बाहेरून तसाच दिसणाऱ्या अल्कलाइन सेलमध्ये त्वचा भाजणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते. त्याऐवजी तांब्याची एक पट्टी, जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा तेवढाच तुकडा, टिपकागद, मीठ आणि मल्टिमीटर घ्यावा. पट्ट्या काथ्याने घासून स्वच्छ कराव्यात आणि टिपकागद त्यांच्यापेक्षा सर्व बाजूंनी थोडा मोठा कापावा, कारण धातूचे कोपरे एकमेकांना टेकले तर पुढचे सर्व व्यर्थ जाते.

प्रथम कोरडा कागद मध्ये ठेवून व्होल्टता मोजावी. काटा जवळजवळ हलत नाही (पावसाळ्यात कागद दमट असेल तर थोडाफार आकडा दिसतो). आता तोच कागद मिठाच्या पाण्यात भिजवून, निथळून पुन्हा ठेवावा, म्हणजे एक व्होल्टपेक्षा थोडी कमी व्होल्टता मिळते. कागदाच्या जागी प्लास्टिकचा तुकडा ठेवल्यास काहीच मिळत नाही, आणि ओला कागद असतानाही एक कोपरा दुसऱ्या पट्टीला टेकवला की आकडा लगेच कोसळतो.

विभाजकाचे, म्हणजे दोन अग्रांना वेगळे ठेवणाऱ्या या कागदाचे, सारे मर्म या चार निरीक्षणांत आहे. कागदाच्या तंतूंमधून इलेक्ट्रॉन जात नाहीत, म्हणून त्यांना बाहेरच्या तारेनेच जावे लागते आणि वाटेत आपला दिवा लागतो. मात्र तंतूंच्या छिद्रांत भरलेल्या द्रावणातून आयन (विद्युतभारित कण) सरकतात, आणि ते सरकले नाहीत तर दोन्ही अग्रांवर भार साठून क्रिया थांबते. प्लास्टिक इलेक्ट्रॉनांना अडवते खरे, पण आयनांनाही अडवते.

शेवटी मल्टिमीटर मिलिअँपिअरवर ठेवून एका ओल्या कागदाचा आणि चार कागदांच्या थप्पीचा प्रवाह मोजून पाहावा. व्होल्टता दोन्ही वेळा जवळपास सारखीच राहते, परंतु जाड थप्पीतून आयनांना लांबची वाट चालावी लागते, त्यामुळे प्रवाह घटतो. कारखान्यांनी जुन्या खळीच्या जाड थराऐवजी पातळ कागद स्वीकारला त्यामागे हे एक कारण होते. दुसरे असे की वाचलेल्या जागेत अधिक मँगनीज डायऑक्साइड मावतो.