इशासेगची लढाई टेबलावर कशी मांडावी

6 एप्रिल 1849. 1848-49 च्या हंगेरियन स्वातंत्र्ययुद्धात पेश्तच्या (आजच्या बुडापेस्टचा भाग) पूर्वेला इशासेग गावापाशी सेनापती ग्योर्गेईच्या हंगेरियन सैन्याने विंडिशग्रेट्सच्या ऑस्ट्रियन शाही फौजेला मागे रेटलं. हीच लढाई वॉरगेम म्हणून खेळताना बहुतेक जण रंगीत सैनिकांवर जीव ओततात आणि एका कोअरबद्दल (सैन्याच्या एका मोठ्या विभागाबद्दल) विसरतात. ती कोअर हंगेरियन सेनानी गाश्पारची. ती लढलीच नाही, आणि खेळाचा खरा पेच तिथेच आहे.

आधी जमीन. टेबल 180 × 120 सेंमी, 1 सेंमी म्हणजे 50 मीटर, लांब बाजू उत्तर-दक्षिण. पश्चिम कडेपासून साधारण 50 सेंमीवर राकोश ओढा वरून खाली आणा. दक्षिणेकडच्या तिसऱ्या भागात ओढ्यालगत इशासेग, उत्तर टोकाला ग्योदोल्यो. ओढ्याच्या पश्चिमेला थर्माकोलची दोन सेंमी उंची द्या. ऑस्ट्रियन तोफा तिथेच हव्यात. पूर्वेचा 50 सेंमीचा पट्टा जंगल. त्या दिवशी जंगलाला आग लागली होती, म्हणून दोन ठिकाणी धुराचा कापूस ठेवा आणि त्यातून दिसणं बंद करा. पायदळाला ओढा ओलांडताना अर्धी चाल लागावी. तोफा फक्त पुलावरून.

एक तुकडी म्हणजे सुमारे 1,500 पायदळ, 600 स्वार किंवा 8 तोफा. प्रत्यक्ष लढलेले हंगेरियन तीस हजारांच्या आसपास होते, समोरचे पंचवीसेक हजार. म्हणून क्लाप्का, दाम्यानिच आणि औलिच या लढलेल्या तीन हंगेरियन कोअरच्या प्रत्येक सेनानीला पायदळाच्या 5 आणि घोडदळाच्या 2 तुकड्या द्या. ऑस्ट्रियनांना एकूण 12 आणि 6. त्यांपैकी दक्षिणेची फौज ऑस्ट्रियन सेनानी येलाचिचची, ग्योदोल्योजवळची दुसरा सेनानी श्लिक याची. तोफखान्यात हंगेरियनांचं पारडं थोडं जड ठेवा. दाम्यानिचच्या समोर मोकळी जागा सोडायला विसरू नका. या युद्धातल्या मोठ्या घोडदळी चकमकींपैकी एक तिथे झाली.

एक डाव अर्ध्या तासाचा, पहिला दुपारी 12:30 चा, एकूण 14. क्लाप्का डावीकडून, दाम्यानिच उजवीकडून जंगलातून बाहेर पडतात. ग्योर्गेई सहाव्या डावापर्यंत मैदानात नाही, म्हणून तोवर एका कोअरची तुकडी दुसऱ्याला देता येणार नाही. हा नियम सोडला तर क्लाप्काची माघार कधीच होत नाही आणि दुपार अगदी सपक जाते. औलिच सहाव्या डावापासून, फाशावर 4 किंवा अधिक पडल्यास येतो.

आता गाश्पार. त्याची कोअर टेबलाबाहेर, ईशान्येला. ग्योर्गेईची योजना अशी होती की ही कोअर हत्वानच्या रस्त्यावर शत्रूला गुंतवून ठेवेल आणि बाकीचे दक्षिणेकडून वळसा घेतील. पण त्या दिवशी ती थांबून राहिली. इतिहास माहीत असलेला ऑस्ट्रियन खेळाडू पहिल्याच डावात ग्योदोल्यो रिकामं करतो आणि सगळे घोडेस्वार दाम्यानिचवर सोडतो. विंडिशग्रेट्सला ती मोकळीक नव्हती. मुख्य हल्ला कुठून येणार हेच त्याला ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्याची फौज उत्तरेला वात्सपर्यंत पसरलेली होती. उपाय सोपा: ‘निघाला’ आणि ‘थांबला’ अशी दोन कार्डं पंचाकडे द्या, तो एक निवडेल, कुणालाही दाखवणार नाही. हंगेरियन खेळाडू स्वार पाठवू शकतो, उत्तर मात्र सहा डावांनी मिळेल. ‘निघाला’ असेल तर नवव्या डावात उत्तर कडेवरून पाच तुकड्या येतील. पंच मिळत नसेल तर कार्ड पालथं ठेवा आणि नवव्या डावालाच उलटा.

दारूगोळाही मोजा, नाहीतर तोफा दिवसभर धडधडत राहतात. प्रत्येक तोफखान्याला सहा वेळा मारा, मग दोन डाव मागे.

शेवटच्या डावानंतर इशासेग आणि ओढ्याचे पूल ज्याच्या ताब्यात, तो जिंकला. ऑस्ट्रियन फौज अर्ध्याहून जास्त शाबूत असेल तर हा विजय निम्म्या गुणांचाच धरा: येलाचिच रात्री व्यवस्थित निघून गेला होता.