या चुका टाळा: गिटमधले रिलीज टॅग आणि शाखा

सांगली-कुपवाडच्या छोट्या टीम जे सॉफ्टवेअर लिहितात, त्यातलं बरंचसं गिऱ्हाइकाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरच बसवलेलं असतं. मार्केट यार्डातल्या अडत्याचं पट्टी काढायचं सॉफ्टवेअर घ्या. एका दुकानात १.४ चालतंय, शेजाऱ्याकडं १.६, आणि तिसरा म्हणतो, हळदीचा सीझन संपेपर्यंत माझ्या मशीनला हात लावू नका. भर सौद्याच्या वेळी फोन येतो की पट्टीत हमाली दोनदा कापली जातेय. त्या मशीनवर नेमका कुठला कोड आहे, हे तेव्हा लगेच सांगता आलं पाहिजे. कोडमधले बदल गिट या साधनात साठवतात: साठवलेली प्रत्येक नोंद म्हणजे कमिट, तिचा लांबलचक ओळख-क्रमांक म्हणजे हॅश, तिला दिलेलं कायमचं नाव म्हणजे टॅग, आणि बदलांची वेगळी धार म्हणजे शाखा. सांगता येत नसेल तर घोळ बहुतेक टॅगमध्ये किंवा शाखांमध्ये असतो.

दिलेला टॅग पुन्हा हलवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. १.४.२ चा टॅग मारला, पुश केला (सामाईक सर्व्हरवर पाठवला), सेटअप दोन दुकानांत गेला. संध्याकाळी कुणाच्या तरी लक्षात येतं की तोलाईच्या रकान्याला चुकीचं नाव राहिलंय. बदल एका ओळीचा. मग ‘-एफ’ लावून टॅग नव्या कमिटवर ओढला जातो, फोर्स पुश (जबरदस्तीनं पाठवणं) होतो, आणि सगळे घरी जातात. आता यार्डात १.४.२ नावाची दोन वेगळी सॉफ्टवेअरं फिरतायत आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. सौद्यात लॉटवर बोली लागल्यावर त्यातली पोती कुणी बदलत नाही. टॅगलाही तोच नियम लावा.

गिट इथं अडवायला बघतं. सर्व्हरवर आहे त्याच नावाचा टॅग दुसऱ्या कमिटवर पुश करायला गेलात तर नकार मिळतो. तो फोर्सनं मोडला तरी सहकाऱ्यांच्या मशीनवर जुनाच टॅग राहतो. साधा फेच (सर्व्हरवरून नवं आणणं) त्याला हात लावत नाही. ‘गिट फेच --टॅग्ज’ म्हटलं, तर २०१८ मध्ये आलेल्या गिटच्या २.२० आवृत्तीपासून ‘वुड क्लॉबर एक्झिस्टिंग टॅग’ (असलेला टॅग पुसला जाईल) असा संदेश येतो. तो दिसला की बरेच जण सवयीनं ‘--फोर्स’ लावतात. थांबा. टॅग कुणी हलवला ते आधी विचारा आणि आपल्याकडचा जुना हॅश लिहून ठेवा. शाखेचा रीफ्लॉग (ती आधी कुठं होती याची नोंद) गिट ठेवतं, टॅगचा मुळात ठेवत नाही. एकदा पुसला की तो आधी कुठं होता हे शोधणं अवघड होऊन बसतं.

मग चुकीच्या कमिटवर टॅग गेलाच तर? पुश केला नसेल तर खुशाल काढून पुन्हा मारा. पुश झाला असेल तर १.४.३ काढा. ‘गिट टॅग’च्या मॅन्युअलमध्ये या प्रसंगावर वेगळा भागच आहे आणि त्यातही नवं नाव देणं हाच शहाणपणाचा मार्ग सांगितलाय. सिमँटिक व्हर्जनिंग या आवृत्त्यांना आकडे देण्याच्या पद्धतीचा नियमही तोच: प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत फेरफार नाही. आकडे फुकट मिळतात, त्यात कंजुषी कशाला? गिटहब आणि गिटलॅब या कोड ठेवायच्या सेवांमध्ये, दोन्हीकडं टॅगला संरक्षण लावता येतं. ते एकदा लावून ठेवलं की हा वादच उरत नाही.

दुसऱ्यांच्या टॅगवर आपण विसंबतो, तिथंही हाच धोका आहे. मार्च २०२५ मध्ये ‘टीजे-ॲक्शन्स/चेंज्ड-फाइल्स’ या गिटहब ॲक्शनचे (गिटहबवर आपोआप चालणाऱ्या तयार कामाचे) टॅग हल्लेखोरांनी घातक कमिटकडं वळवले. ज्यांच्या बिल्डमध्ये (कोडपासून सॉफ्टवेअर बनवण्याच्या कामात) ती ॲक्शन टॅगच्या नावानं घेतलेली होती, त्यांच्याकडं तो कोड चालला आणि पासवर्ड-टोकनसारखी माहिती बिल्डच्या लॉगमध्ये छापली गेली. बाहेरची ॲक्शन घेताना पूर्ण कमिट हॅश लिहायचा, तो यासाठी.

टॅग मारला, पण सर्व्हरवर गेलाच नाही

‘गिट पुश’ टॅग आपोआप पाठवत नाही. नव्या मुलांना हे कुणी सांगत नाही, आणि टॅग त्यांच्याच लॅपटॉपवर राहतो. ‘गिट पुश ओरिजिन व्ही१.४.२’ असं नाव घेऊन पाठवावं लागतं. ‘--टॅग्ज’ हा सोपा उपाय वाटतो, पण तो तुमच्याकडचे सगळेच टॅग ढकलतो. ‘टेस्ट’, ‘फायनल’, ‘फायनल२’ सगळ्यांना दिसतात, आणि ते दुसऱ्या कुणाच्या मशीनवर पोचले की साफ करणं कटकटीचं. त्यापेक्षा ‘--फॉलो-टॅग्ज’ बरा. पुश होणाऱ्या कमिटपर्यंत पोचणारे, तेही फक्त ॲनोटेटेड टॅग त्यातून जातात.

म्हणून रिलीजचा टॅग नेहमी ‘-ए’ लावून, म्हणजे ॲनोटेटेड मारा. त्यात कुणी, कधी, कशासाठी मारला हे सगळं राहतं. साधा टॅग म्हणजे कमिटला दिलेलं नुसतं नाव. ‘गिट डिस्क्राइब’ (जवळच्या टॅगवरून आवृत्ती सांगणारी कमांड) तेही मुळात ॲनोटेटेड टॅगच बघतं, त्यामुळं रिलीज साधे असतील तर ते भलताच जुना टॅग दाखवतं. या कमांडचं उत्तर बिल्डच्या वेळीच सॉफ्टवेअरच्या ‘माहिती’ स्क्रीनवर छापा. ‘--डर्टी’ही जोडा, म्हणजे कमिट न केलेला बदल सेटअपमध्ये शिरला असेल तर नावाच्या शेपटीलाच कळेल.

बिल्ड सर्व्हरवर ‘नो नेम्स फाउंड’ असा संदेश आला तर बहुतेक वेळा क्लोन (कोडची उतरवलेली प्रत) उथळ असतो. फक्त शेवटचा कमिट आणलेला, टॅग आलेलेच नसतात. गिटहब ॲक्शन्समध्ये चेकआउटला (कोड उतरवायच्या पायरीला) ‘फेच-डेप्थ: ०’ द्या.

दुरुस्ती जुन्या शाखेतच राहिली

मुख्य शाखा १.६ वर आहे, गिऱ्हाईक १.४ वर. हमालीची दुरुस्ती ‘रिलीज/१.४’ शाखेत केली, १.४.३ चा टॅग मारला, अडत्या खूश. पुढच्या सीझनला तोच अडत्या १.७ घेतो आणि हमाली पुन्हा दोनदा कापली जाते. हा फोन फार कडू असतो, कारण समोरचा माणूस म्हणतो, ‘हे तुम्ही गेल्या वर्षीच नीट केलं होतं की!’

उपाय क्रमात आहे. दुरुस्ती आधी मुख्य शाखेत करा, मग ‘चेरी-पिक -एक्स’ करून (तेवढाच कमिट उचलून) रिलीज शाखेत न्या. लिनक्स कर्नलच्या स्टेबल (प्रसिद्ध आवृत्त्या सांभाळणाऱ्या) शाखांचा नियमही असाच आहे: जी दुरुस्ती मुख्य शाखेत नाही, ती स्टेबलमध्ये घेत नाहीत. ‘-एक्स’मुळं मूळ कमिटचा हॅश संदेशात लिहिला जातो. चेरी-पिक केल्यावर नव्या कमिटचा हॅश वेगळा पडतो, त्यामुळं मूळ हॅशवर ‘गिट टॅग --कंटेन्स’ चालवून रिलीज सापडणार नाही. तो हॅश लॉगमध्ये शोधावा लागतो. काही राहिलंय का ते बघायला ‘गिट चेरी -व्ही मेन रिलीज/१.४’ चालवा. अधिक चिन्ह असलेल्या ओळी म्हणजे मुख्य शाखेत न पोचलेले बदल. कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) सोडवताना कोड बदलला असेल तर पोचलेल्या बदलालाही अधिक चिन्ह येतं, तेवढं डोळ्यानं तपासा.

‘रिलीज शाखा कशाला, सगळं मुख्य शाखेत करा’ हा सल्ला हल्ली सगळीकडं मिळतो. एकाच सर्व्हरवर चालणाऱ्या वेबसाइटला तो बरोबर आहे. गिट-फ्लो ही शाखा वापरायची पद्धत २०१० मध्ये मांडणाऱ्या व्हिन्सेंट ड्रिसेन यांनी स्वतःच २०२० मध्ये टीप जोडली, की सतत डिप्लॉय करणाऱ्या (नवा कोड चालू करत राहणाऱ्या) टीमनं सोपी पद्धत घ्यावी. पण बाहेर अनेक आवृत्त्या सांभाळायच्या असतील तर गिट-फ्लो अजूनही चालू शकते, हेही त्याच टिपेत आहे. यार्डातलं सॉफ्टवेअर दुसऱ्या गटात बसतं.

याचा अतिरेक म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाची वेगळी शाखा. एकाला पट्टीवर दुकानाचं नाव मोठं हवं, दुसऱ्याला बेदाण्याचा वेगळा नमुना, की झाली शाखा. पहिल्या वर्षी सोपं वाटतं, नंतर एक दुरुस्ती प्रत्येक शाखेत हातानं न्यावी लागते. असे फरक सेटिंगमध्ये ठेवा. शाखा आवृत्तीची असावी, दुकानाची नव्हे.

किरकोळ, पण डोकं खाणारं

टॅग आणि शाखा दोघांचं नाव ‘१.४’ ठेवलं की गिट ‘अँबिग्युअस’ (संदिग्ध) म्हणून कुरकुरतं आणि पुश अडतो. टॅगला ‘व्ही’, शाखेला ‘रिलीज/’ लावा. नुसत्या ‘रिलीज’ नावाची शाखा आधीपासून असेल तर ‘रिलीज/१.४’ तयारच होत नाही. जुनीचं नाव बदला. यादीत १.१० हा १.९ च्या आधी दिसतो, कारण क्रम अक्षरांचा असतो. ‘--सॉर्ट=व्हर्जन:रेफनेम’ दिलं की सरळ होतो.

टॅग चेकआउट करून (त्याचा कोड उघडून) त्यावरच कमिट करत बसू नका. तुम्ही कुठल्याच शाखेत नसता, आणि दुसरीकडं गेलात की ते कमिट नजरेआड होतात. चुकून केलेच असतील तर ‘गिट रीफ्लॉग’मध्ये हॅश शोधून त्यावर शाखा काढा.

शेवटचं दुकान १.४ वरून पुढं गेलं की ती शाखा बिनधास्त काढून टाका. काढण्याआधी तिच्या टोकावर टॅग आहे ना, एवढं बघा. टॅग आहे तोवर त्याच्यापर्यंतचे कमिट कुठं जात नाहीत, आणि पुन्हा गरज पडलीच तर ‘गिट स्विच -सी रिलीज/१.४ व्ही१.४.३’ म्हटलं की शाखा परत मिळते.