चालू मोटारीवर व्होल्टेज मोजा : उन्हाळी पाळ्यांसाठी कृषी सल्ला, सोलापूर जिल्हा

शिवरात्र उलटली की जिल्ह्यात मोटारी जळायला लागतात. सांगोला-मंगळवेढ्याकडे आंबे बहाराचं (हिवाळा संपताना धरलेल्या फुलांचं) डाळिंब फळधारणेला आलेलं, माढा-माळशिरसकडे तोडलेल्या उसाचा खोडवा फुटीला आलेला, पाणी खोल गेलेलं आणि एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटारी एकदम चालू. अशात मोटार जळाली तर ती काढून, तिची जळालेली वायंडिंग (आतली तारेची गुंडाळी) नव्याने भरून, पुन्हा बोअरमध्ये सोडेपर्यंत आठवडा सहज जातो. मुरमाड रानातली फुलं तेवढं थांबत नाहीत, गळतात. पुढे फळं मोठी झाल्यावर असा खंड पडला आणि राहिलेला ताण भरून काढायला एकदम भरपूर पाणी सोडलं, तर तीच फळं तडकतात. नुकसान बागेत दिसतं, पण त्याचं कारण स्टार्टरच्या पेटीत असतं.

टेस्टरवर विसंबू नका. तिन्ही फेजला टेस्टर पेटला म्हणजे लाईट चांगली, असं नाही. शंभर व्होल्टलाही तो पेटतो. मोटार बंद असताना मीटर लावला तरी खरं कळत नाही. व्हॉल्व्ह बंद असेल तर ठिबकच्या लॅटरल नळीच्या टोकालाही पूर्ण दाब दिसतो; पाणी वाहू लागलं की घर्षणाने टोकाचा दाब पडतो. तारेतही तसंच होतं. करंट वाहत नाही तोवर सैल सांधा, बारीक केबल, गंजलेला लग (तारेच्या टोकाची धातूची टोपी), काहीच दिसत नाही. बंद मोटारीवर ४१० दाखवणारा मीटर मोटार चालू होताच ३६० वर येतो. म्हणून मोजायचं ते चालू मोटारीवरच.

मोजण्याची पद्धत :
- मल्टिमीटर एसी ७५० व्होल्टवर ठेवा. लाल वायर अँपिअरच्या भोकात राहिली तर थेट शॉर्ट होतो, आधी ते बघा.
- पायात कोरडी चप्पल, खाली कोरडी फळी. हाताला सवय नसेल तर परवानाधारक वायरमनकडून मोजून घ्या.
- आर, वाय, बी या तीन फेजच्या आर-वाय, वाय-बी, बी-आर अशा तिन्ही जोड्या आधी मोटार बंद असताना आणि मग मोटार चालू करून पाच मिनिटांनी मोजा.
- क्लॅम्प मीटरने (तारेभोवती चिमट्यासारखा लावायच्या मीटरने) तिन्ही तारांचे अँपिअर वेगवेगळे घ्या.
- आकडे तारीख-वेळेसह पेटीच्या झाकणावर आतून लिहा.

दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट हवेत. नियमाप्रमाणे सहा टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे ३९० ते ४४०. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. ३५० व्होल्टला तो ७१ टक्केच उरतो. पंपाचं काम मात्र तेवढंच असतं, म्हणून मोटार जास्त करंट ओढते. ५ एचपी मोटारीला ८ अँपिअरच्या जागी साडेनऊ झाले की वायंडिंगमधली उष्णता जवळपास दीडपटीकडे जाते. ३५० च्या खाली पाळी थांबवावी, हा आमचा रानातला अंदाज. मोटार जुनी, दोनदा भरलेली असेल तर ३७० लाच थांबा.

तिन्ही आकड्यांतला फरकही बघा. ४००, ३९०, ३८० आले तर सरासरी ३९० आणि फरक १०, म्हणजे अडीच टक्क्यांच्या वर. हा आकडा किरकोळ वाटतो, पण करंटमधला असमतोल याच्या सहा ते दहा पट होतो आणि एकच वायंडिंग भाजून निघते. दोन टक्क्यांच्या वर गेलं की कारण शोधा. पाचच्या वर मोटार चालवूच नका.

एक फेज गेल्यावर मीटर फसवतो. चालती मोटार गेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करते, त्यामुळे तिन्ही जोड्या बऱ्यापैकी भरलेल्या दिसतात. तिथे क्लॅम्पच खरं सांगतो : एका तारेत शून्य, उरलेल्या दोन तारांत पावणेदोन पटीच्या आसपास. अशा वेळी स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेने (जास्त करंट आला की मोटार बंद करणारा भाग) मोटार तोडायला हवी. पण 'सारखा ट्रिप होतो' म्हणून त्याची चकती शेवटपर्यंत फिरवलेली असते. ती नेमप्लेटवरच्या अँपिअरवर आणा. मोटार आधी स्टार, मग डेल्टा जोडणीत चालवणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले मेन लाईनऐवजी वायंडिंगच्या फेजच्या तारेत असेल तर नेमप्लेटच्या ५८ टक्के.

आता सांधे. मोटार चालू ठेवून मीटरची एक पिन फ्यूजच्या वरच्या टोकाला, दुसरी त्याच फेजच्या खालच्या टोकाला लावा. चांगल्या जोडावर आकडा जवळपास शून्य येतो. २ व्होल्ट आले तर त्या एका जागी ८ अँपिअरला १६ वॅट उष्णता होते आहे. स्क्रू लाल-काळा पडतो, पीळ अजून सैल होतो, मग आणखी व्होल्टेज खातो. मेन स्विच, फ्यूज, स्टार्टरचे कॉन्टॅक्ट, केबलचा प्रत्येक सांधा असा तपासा. दुरुस्ती डीपीकडचा पुरवठा तोडूनच. तांब्याची तार ॲल्युमिनियमला नुसती पिळून टेप गुंडाळू नका, दोन्ही धातूंसाठी बनवलेला बायमेटल लग वापरा. फ्यूजमध्ये जाड तार तर कधीच नको.

केबलचा हिशोब : ५ एचपी, ८ अँपिअर, ३०० मीटर. २.५ चौरस मिमी तांब्यात २५ ते ३० व्होल्ट जातात, ६ चौरस मिमीमध्ये १० ते १३. लांबी मोजताना बोअरची खोलीही धरा. सांगोल्याकडे तीच जास्त असते.

दुकानात यावर तीन औषधं सांगतात : 'पॉवर सेव्हर' डबी, मोठा स्टॅबिलायझर आणि साडेसात एचपीची मोटार. डबीने सांधा घट्ट होत नाही. स्टॅबिलायझर आउटपुट वाढवताना डीपीकडून उलट जास्त करंट ओढतो, म्हणजे लाईनचं व्होल्टेज आणखी पडतं. त्याच केबलवर मोठी मोटार लावली तर घट वाढतेच. पैसे घालायचेच तर आधी लग, जाड केबल आणि कॅपॅसिटरमध्ये घाला : ३ एचपीला १ केव्हीएआर (कॅपॅसिटरचं माप), ५ ला २, साडेसातला ३. कॅपॅसिटर फुगला असेल तर बदला.

ऑटो स्विच काढा. लाईट येताच सगळ्या मोटारी एकदम उठतात, प्रत्येक जण सुरुवातीला सहापट करंट मागतो आणि डीपी बसते. लाईट आल्यावर दहा मिनिटं थांबून, शेजाऱ्यांशी बोलून पाळीने बटण दाबा. हे दहा मिनिटांचं गणित कुठल्या पुस्तकात नाही, पण उपयोगी पडतं. कॅपॅसिटर लावून दोन फेजवर थ्री-फेज मोटार पळवायचा प्रकार या उन्हात नको.

बाकीची कामं :
- डाळिंब : आच्छादन, लॅटरल फ्लश, तेल्या रोगाची फळं गोळा करून बागेबाहेर नष्ट करणं.
- खोडवा : पाचट सरीत, नांग्या (रिकाम्या जागा) भरणं.
- द्राक्ष : खरड छाटणीआधी ठिबक तपासणी.
- मालदांडी ज्वारी : कणसं वाळवून मळणी, कडबा झाकणं.

स्वतःच्या पेटीत सगळं ठीक असूनही मोटार बंद असतानाच व्होल्टेज ३९० च्या खाली असेल, तर दोष लाईनचा किंवा डीपीच्या भाराचा. झाकणावरचे आकडे उतरवून महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या, डीपीवरच्या सगळ्यांच्या सह्या घ्या, पोच घ्या.

मोटार जळालीच तर भरणाऱ्याला जुनी वायंडिंग तोडण्याआधी दाखवायला सांगा. स्टार जोडणीत दोन फेजची कॉईल जळून एक स्वच्छ असेल, किंवा डेल्टात एकच जळून दोन स्वच्छ असतील, तर फेज गेली होती : फ्यूज, जंपर, रिले तपासा. तिन्ही सारख्या जळाल्या असतील तर कमी व्होल्टेज, जाम झालेला पंप किंवा जास्त भार. हे ठरल्याशिवाय भरलेली मोटार खाली सोडू नका.