‘७५ टक्के लोक युद्धाच्या बाजूने’: असा आकडा वाचायचा कसा

परदेशी बातम्यांच्या डेस्कवर माझी बरीच वर्षं गेली. कुठेही युद्ध पेटलं की दोन-चार दिवसांत ‘अमुक टक्के जनतेचा पाठिंबा’ ही बातमी हमखास येऊन पडते. ती आली की टक्केवारी बाजूला ठेवा आणि लोकांना नेमकं विचारलं काय होतं, ते शोधा. बातमीत मूळ प्रश्नच नसेल, तर मी ती सरळ आतल्या पानावर ढकलतो.

प्रश्नात किंमत सांगितली होती का, हे पहिलं पाहायचं. ब्रिटनमध्ये १९३४-३५ साली स्वयंसेवकांनी घरोघरी फिरून ‘पीस बॅलट’ म्हणजे युद्ध-शांततेवरचं जनमत घेतलं. १ कोटी १० लाखांहून जास्त लोकांनी उत्तरं दिली. आक्रमक देशाला आर्थिक निर्बंध घालून रोखावं का? १ कोटीहून जास्त लोक ‘हो’ म्हणाले. त्याच प्रश्नाचा पुढचा भाग होता, गरज पडल्यास लष्करी बळ वापरावं का? इथे ‘हो’ उतरले सुमारे ६८ लाखांवर. कागद एकच, माणसं तीच, फक्त मध्ये बंदूक आली. तरीही ‘नाही’पेक्षा ‘हो’ कितीतरी जास्तच होते, आणि या मतदानाला निव्वळ युद्धविरोधी कौल म्हणणारे आजही भेटतात! शिवाय ही पाहणी होती आपणहून उत्तर देणाऱ्यांची. नमुना निवडून केलेलं सर्वेक्षण वेगळं. तो फरकही तपासा.

मग तारीख. युद्धाचा कितवा आठवडा चालू आहे, ते आकड्याशेजारी लिहून ठेवा. सुरुवातीला लोक झेंड्याभोवती गोळा होतातच. १९९१च्या आखाती युद्धानंतर अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष थोरले बुशसाहेब यांची लोकप्रियता गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत ८९ टक्क्यांवर गेली. पुढच्याच वर्षी ते निवडणूक हरले. इराकमध्ये सैन्य पाठवणं ही चूक नव्हती, असं मार्च २००३मध्ये ७५ टक्के अमेरिकन म्हणत होते. २००४च्या जूनमध्ये निम्म्याहून जास्त लोकांना ती चूक वाटू लागली होती. प्रश्न तोच ठेवून पुन्हा पुन्हा विचारलेला असेल, तरच अशी तुलना करा. शब्द बदलले की तुलना संपली.

‘चूक’ म्हणणारे सगळे शांततावादी, असंही धरू नका. व्हिएतनामच्या वेळी त्यांत सैन्य परत आणा म्हणणारे होते, तसे ‘लढायचं तर जोर लावून लढा’ म्हणणारेही होते.

आता भीती. रशियात मार्च २०२२च्या कायद्याने सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवल्यास १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिथे अनोळखी माणसाने फोनवर मत विचारलं, तर कोण खरं बोलेल? अशा ठिकाणी किती जणांनी फोन ठेवून दिला, ते आधी बघा. एक जुनी युक्तीही वापरतात. अर्ध्या लोकांना तीन साधी विधानं देतात, उरलेल्या अर्ध्यांना तीच तीन आणि चौथं युद्धाला पाठिंब्याचं. कोणती पटतात ते सांगायचं नाही, फक्त किती पटतात ते सांगायचं. दोन्ही गटांच्या सरासरीतल्या फरकावरून पाठिंब्याचा अंदाज येतो आणि कुणा एकावर बोट ठेवता येत नाही.

शेवटी बघायचं, या मताला सत्तेपर्यंत वाट आहे का. १५ फेब्रुवारी २००३ला इराकयुद्धाच्या विरोधात जगभर लाखो लोक रस्त्यावर उतरले. २० मार्चला इराकवर हल्ला झालाच. पण तुर्कस्तानात इराककडे जाणाऱ्या अमेरिकी सैन्याला वाट देण्याचा ठराव १ मार्चला संसदेपुढे आला. जनता विरोधात होती. बाजूने २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. हजर सदस्यांचं बहुमत म्हणजे २६७ हवे होते. तीन मतांनी ठराव पडला. म्हणून अशा बातमीखाली मी पुढचं मतदान कधी आणि कोणापुढे, ही एक ओळ मागतो. ती नसेल तर डेस्कवरच्या पोराला फोन फिरवायला लावतो.