यादीपासून केंद्रापर्यंत: निवडणुकीआधी मतदारांना माहिती देणाऱ्या नागरिक गटात काम कसं करावं

मतदान केंद्रावरून परत आलेल्या माणसाला कारण विचारलं, तर बऱ्याचदा उत्तर मिळतं, ‘यादीत नावच नाही.’ त्या दिवशी त्यावर कोणाकडेच इलाज नसतो. केंद्राध्यक्ष, तहसीलदार किंवा उमेदवाराचा कार्यकर्ता, कोणीही नाव घालू शकत नाही. तो इलाज काही महिने आधी करायचा असतो आणि नागरिक गटाचा सर्वात मोठा उपयोग तिथेच आहे. पथनाट्य, मानवी साखळी, सेल्फी पॉइंट जरूर करा, फोटो छान येतात. पण हाताशी दहा माणसं असतील तर त्यातली सात यादीच्या कामाला लावा.

गटात शिरण्याआधी

तीन गोष्टी विचारून घ्या. पैसे कुठून येतात? पदाधिकाऱ्यांपैकी कोणी उमेदवारीच्या रांगेत आहे का? बैठका कोणाच्या जागेत होतात? इच्छुक नगरसेवकाच्या संपर्क कार्यालयात बसून ‘आम्ही निःपक्ष आहोत’ असं सांगितलं तर वस्तीत कोणी विश्वास ठेवत नाही, आणि त्यात वस्तीची चूक नाही. उमेदवार किंवा त्याच्या जवळच्या माणसाकडून छपाईसुद्धा करून घेऊ नये.

स्वयंसेवकांसाठी साधा नियम ठेवा: कामावर असताना पक्षाचा गमछा, बिल्ला, रंग नको आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसला कोणाचा प्रचार नको. ज्याला प्रचार करायचा आहे त्याने खुशाल करावा, पण मग त्या निवडणुकीपुरतं गटाचं काम थांबवावं. ‘कोणाला मत देऊ?’ हा प्रश्न दारोदारी येणारच. सगळ्यांनी एकच उत्तर पाठ करावं: ‘ते तुम्ही ठरवा, उमेदवारांची माहिती कुठे मिळते ते आम्ही सांगतो.’ हसून, डोळा मिचकावून दिलेला सूचक इशारा हाही प्रचारच होतो.

जिल्हाधिकारी कार्यालयात मतदार जागृतीचा ‘स्वीप’ कक्ष असतो. तिथे गटाचं पत्र देऊन पोच घ्या. काम करायला परवानगी लागते म्हणून नव्हे, तर दारात कोणी ‘तुम्ही कोण?’ असं दरडावलं तर दाखवायला कागद असावा म्हणून.

आधी ठरवा: निवडणूक कोणती?

लोकसभा आणि विधानसभेची निवडणूक भारत निवडणूक आयोग घेतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपरिषद आणि महानगरपालिकेची राज्य निवडणूक आयोग घेतो. हे दोन वेगळे आयोग आहेत आणि स्वयंसेवकांचा इथेच पहिला गोंधळ होतो.

राज्य निवडणूक आयोग नव्याने मतदार नोंदवत नाही. एका ठरावीक तारखेला अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांत किंवा गणांत विभागली जाते. प्रारूप यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकत घेता येते, पण ती मर्यादित कारणांसाठी: नाव चुकून शेजारच्या प्रभागात गेलं, विधानसभेच्या यादीत असूनही इथे गळलं, किंवा लेखनिकाची चूक झाली. ‘माझी नोंदणीच नाही, आता करा’ ही हरकत तिथे चालत नाही. म्हणजे महापालिकेची तयारीही विधानसभेच्या यादीतच आणि त्या तारखेच्या आधी करावी लागते.

विधानसभा-लोकसभेसाठी उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत बदल होत नाही. आलेल्या अर्जावर हरकतींसाठी सात दिवस जातात, त्यामुळे त्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी अर्ज पोहोचायला हवा. आचारसंहिता लागल्यावर जाग आलेल्या गटाच्या हातात फारच थोडे दिवस उरतात.

यादी वाचणं

राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर यादी भागवार मिळते. एक भाग म्हणजे साधारण एका मतदान केंद्राचे मतदार, हजार-बाराशे नावं. सुरुवातीला दोनच भाग घ्या, जमलं तर वाढवा. अख्खा प्रभाग अंगावर घेऊन अर्धवट सोडण्यापेक्षा हे बरं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. यादीत मूळ भाग आणि पुरवणी असे वेगवेगळे तुकडे असू शकतात. नवी नावं पुरवणीत असतात आणि वगळलेल्या नावावर आडवा शिक्का असतो. फक्त पहिली पानं छापून नेली तर ‘नाव नाही’ असं चुकीचं सांगाल. दुसरं, संगणकावर नाव शोधताना ऱ्हस्व-दीर्घाने घात होतो. ‘सुनीता’ची ‘सुनिता’, ‘क्षीरसागर’चं ‘क्षिरसागर’ झालेलं असतं. ओळखपत्राच्या क्रमांकावरून शोधणं सर्वात खात्रीचं. तो नसेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाचं नाव शोधा आणि त्याच्या आजूबाजूच्या ओळी पाहा.

आता यादी हातात घेऊन घरं करा. जोडीने जा, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष. संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ बरी. दोन तासांत वीस-पंचवीस घरं होतात, त्याहून वेगाने झाली तर समजा की नुसतं दार वाजवून पुढे गेलात. गावात ग्रामसभेत यादीचं चावडी वाचन करता येतं. एका बैठकीत शेकडो नावं तपासली जातात आणि लोक एकमेकांची चूक दुरुस्त करतात. पण भर सभेत ‘हिचं नाव अजून माहेरीच’ असं ऐकायला कोणाला आवडत नाही, तेव्हा अशा नोंदी नंतर घरी जाऊन विचारा.

नावं गळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. लग्न होऊन आलेल्या सुना. भाड्याने राहणारी कुटुंबं. पुनर्विकासाला गेलेली इमारत, जिथले रहिवासी चार दिशांना पांगले. नुकतीच अठरा पूर्ण केलेली मुलं. वसतिगृहातले विद्यार्थी, ज्यांना घरी किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर, कुठेही एकाच ठिकाणी नाव ठेवता येतं. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, जी नेमकी पडताळणीच्या दिवसांत फडावर असतात आणि घर बंद सापडतं. फुटपाथवर राहणाऱ्यांनाही नोंदणीचा हक्क आहे. त्यांच्याकडे पत्त्याचा पुरावा नसला तर माणूस खरंच तिथे झोपतो का, हे बीएलओ, म्हणजे त्या भागाच्या यादीचं काम पाहणारे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, रात्री येऊन पाहतात. हे त्या माणसाला आधी सांगून ठेवा, नाहीतर रात्री कोणीतरी चौकशीला आलं म्हणून तो जागा बदलून निघून जातो.

कोणता नमुना, कोणासाठी

सर्वात जास्त चुका इथे होतात. नमुना ६ फक्त अशा माणसासाठी, ज्याचं नाव देशात कुठेच नाही. पत्ता बदलला, दुसऱ्या मतदारसंघात गेला, नावात चूक आहे, कार्ड हरवलं, दिव्यांगत्वाची नोंद हवी, या सगळ्यासाठी नमुना ८. त्यात चार पर्याय असतात आणि एका अर्जात एकावरच खूण करायची. लग्नानंतर सासरी आलेल्या बाईसाठी स्वयंसेवक उत्साहाने नमुना ६ भरतात आणि तिचं नाव दोन ठिकाणी होतं. अर्जातल्या घोषणेवर सही तिची असते. खोटी घोषणा केली तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून पहिला प्रश्न ‘कधी मत दिलंय का?’ आणि दुसरा ‘कुठे?’

नव्या मतदारांसाठी वर्षातून चार अर्हता तारखा, म्हणजे ज्या दिवशी वयाची अठरा पूर्ण असावी लागतात त्या तारखा, आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. कॉलेजात शिबिर घेताना बारावी आणि प्रथम वर्षाचे वर्ग आधी घ्या.

नाव वगळण्याच्या नमुना ७ पासून गटाने शक्य तितकं लांब राहावं. शेजारी सांगतो ‘ते गेले’. गावाला गेले, घर सोडून गेले की वारले, ते मराठीत त्या एका शब्दावरून कळत नाही. चुकीचा अर्ज गेला तर जिवंत माणसाला आपण जिवंत आहोत हे सिद्ध करत फिरावं लागतं. मृत्यू झाला असेल तर दाखल्यासह घरच्यांनाच अर्ज करायला सांगा.

अर्ज गोळा करून तहसील कार्यालयात गठ्ठा नेऊ नका, एका माणसाने आणलेले घाऊक अर्ज घेतले जात नाहीत. मतदाराच्याच मोबाइलवरून, त्याच्यासमोर, मतदार सेवा पोर्टलवर अर्ज भरून द्या. ओटीपी त्याने वाचावा, तुम्ही फोन त्याच्या हातातच ठेवा. आधारचे फोटो स्वयंसेवकाच्या मोबाइलमध्ये राहता कामा नयेत. अर्जाचा संदर्भ क्रमांक कागदावर लिहून त्याला द्या आणि परवानगी असेल तर तुमच्या वहीतही घ्या, कारण पंधरा दिवसांनी तोच क्रमांक टाकून स्थिती पाहावी लागते. बीएलओ आले तेव्हा कुलूप होतं, एवढ्या कारणावरून अर्ज अडकतो. भागाच्या बीएलओंचं नाव आणि नंबर प्रत्येक घरी लिहून द्या. त्या बहुधा शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका असतात आणि त्यांच्यावर इतर कामांचा ढीग असतो. त्यांच्याशी वाद घालणारा गट फार काळ टिकत नाही.

उमेदवारांची माहिती

२००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण यांची माहिती शपथपत्रात द्यावी लागते. लोकसभा-विधानसभेला हे शपथपत्र नमुना २६ मध्ये असतं आणि आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतं. माघारीची तारीख गेल्यावर यादी पक्की होते. तिथून मतदानापर्यंत हाती जेमतेम दोन आठवडे असतात, म्हणून तक्त्याचा साचा आधीच तयार ठेवा.

तक्त्यात सगळे उमेदवार घ्या, अपक्षही. तुम्हाला ‘महत्त्वाचे’ वाटतात तेवढेच घेतले की निःपक्षपणा संपला. क्रम मतपत्रिकेवरचाच ठेवा. प्रलंबित खटला आणि शिक्षा झालेला गुन्हा हे दोन वेगळे रकाने हवेत, एकत्र केले तर ती बदनामी ठरू शकते. उमेदवाराची आणि पती किंवा पत्नीची मालमत्ता बेरीज न करता वेगवेगळी लिहा. शपथपत्रात रकाना रिकामा असेल तर ‘नमूद नाही’ लिहा, ‘लपवलं’ नाही. प्रत्येक आकडा दुसऱ्या माणसाने मूळ कागदाशी ताडून पाहावा. दहा लाखांचे कोटी व्हायला एक शून्य पुरतं.

छापील पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता टाका. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ नुसार उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात जाणाऱ्या पत्रकावर ते सक्तीचं आहे. तुमचा तक्ता तसा नसला तरी नावाशिवाय कागद वाटलात की संशय येतोच.

शेवटचा आठवडा

आता फेरी छोटी आणि नेमकी असावी. प्रत्येक घरी चारच गोष्टी: केंद्र कुठे, यादी भाग आणि अनुक्रमांक किती, सोबत काय न्यायचं, किती मतं द्यायची.

घरी येणारी मतदार माहिती चिठ्ठी हा ओळखीचा पुरावा नाही. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पारपत्र, फोटो असलेलं बँक पासबुक अशा ठरलेल्या कागदांपैकी एक लागतो. स्थानिक निवडणुकीसाठी राज्य आयोग स्वतंत्र यादी काढतो, त्यामुळे मागच्या निवडणुकीचं पत्रक तसंच पुन्हा छापू नका.

‘किती मतं’ हा प्रश्न स्थानिक निवडणुकीत कळीचा आहे. मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक, म्हणून एक मत. इतर महापालिकांत चार जागांच्या प्रभागात चार मतं, अ, ब, क, ड प्रत्येक जागेसाठी एक. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला मिळून दोन. ग्रामपंचायतीला सदस्यांची मतं आणि सरपंचाचं वेगळं. चार जागांच्या प्रभागात लोक एक बटण दाबून बाहेर निघतात. सगळ्या जागांसाठी बटण दाबल्याशिवाय मतदान पूर्ण झाल्याचा आवाज येत नाही. एखाद्या जागेसाठी कोणीच नको असेल तर त्या जागेचं ‘नोटा’ दाबायचं. पुठ्ठ्यावर यंत्राचं चित्र काढून, काल्पनिक नावं आणि आयोगाच्या यादीत नसलेली चिन्हं टाकून सराव घ्या. खरं चिन्ह चुकूनही नको.

लोकसभा-विधानसभेला ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना घरून मतदानाची सोय आहे. त्यासाठीचा नमुना १२ड निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. म्हणून अशा मतदारांची नावं यादीच्या फेरीतच टिपून ठेवा. आणि त्यांना स्पष्ट सांगा: घरून मतदानाची निवड मंजूर झाली की केंद्रावर मत देता येत नाही.

मतदानाच्या दिवशी

केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचाराला बंदी आहे. तुमचा प्रचार नसला तरी मदतीचं टेबल बाहेरच लावा, आणि पक्षांच्या टेबलांपासूनही लांब. नाव शोधून देणं आणि केंद्राची खोली सांगणं एवढंच काम. मतदारांना गाडीतून आणण्याची कल्पना बऱ्याच गटांना सुचते. उमेदवाराच्या संमतीने मोफत वाहतूक हा भ्रष्ट आचार ठरतो, आणि गाडी कोणाची होती हे नंतर सिद्ध करत बसावं लागतं. चालता न येणाऱ्यांसाठी प्रशासनाच्या सोयीकडे बोट दाखवा.

अडचणी आल्या तर काय, हे स्वयंसेवकांना तोंडपाठ हवं. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर परत फिरू नये. ओळख पटवून केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागावं, ज्याला कर्मचारी टेंडर व्होट म्हणतात. ते यंत्रावर नसून मतपत्रिकेवर असतं आणि वेगळ्या पाकिटात ठेवलं जातं. अंध किंवा अशक्त मतदाराला अठरा वर्षांवरील सोबती आत नेता येतो. वेळ संपताना जे रांगेत आहेत त्यांना शेवटच्या माणसापासून सुरुवात करून चिठ्ठ्या दिल्या जातात, त्यामुळे पाच मिनिटं उरली असतील तरी माणसाला घरी पाठवू नका. तक्रारीसाठी १९५० हा क्रमांक आहे.

संध्याकाळी टेबल उचलण्याआधी परत गेलेल्या प्रत्येकाचं कारण वहीत लिहा: नाव नाही, दुसरं केंद्र, कागद नव्हता, नाव वगळलेलं. नाव-पत्ते असलेले छापील कागद फाडून टाका, मोबाइलमधल्या याद्या पुसा. ती कारणांची वही मात्र ठेवा, पुढच्या अर्हता तारखेला पहिली फेरी त्याच घरांची करायची आहे.